चावडीवरची पाटी आणि सातवीचा वर्ग

(‘वर्गाबाहेरचे प्रश्न’ या सदराकडे या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत : युद्धाच्या आठवणी मुलांपर्यंत पोचवायच्या कशा? उत्तरं देत आहेत सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई.)

प्रश्न : बाई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. १६ डिसेंबरला विजय दिवस असतो. दरवर्षी एक भाषण, एक गाणं आणि एखाद्या माजी सैनिकाला शाल-श्रीफळ, एवढ्यावर भागतं. यंदा ठरवलं, मुलांनी गावातल्या एका आजोबांना भेटून प्रश्न विचारायचे. ते १९७१ च्या लढाईत होते. पहिल्याच भेटीत एका मुलानं विचारलं, “आजोबा, तुम्ही किती माणसं मारली?” आजोबा काही न बोलता उठून आत गेले. परत जायला मला धीर होत नाहीये. दुसरं असं, की आमच्या चावडीच्या भिंतीत एक इंग्रजी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ३१ माणसं गेली, त्यातल्या ५ जणांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर आहे. मुलं विचारतात, ही कोण माणसं? मला सांगता येत नाही.
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : परत जा. आणि त्या मुलाला सोबत घेऊनच जा. त्याला वर्गात उभं करून रागावला असाल, तर आधी ते मिटवा. सिनेमात आणि मोबाइलवरच्या खेळात त्यानं जे युद्ध पाहिलंय, तिथं आकडाच मोजतात. दुसरा प्रश्न त्याला कुणी शिकवलेला नाही. तो शिकवायचं काम तुमचं-माझं आहे.

माझ्या हातून याहून मोठी चूक झालेली आहे. कारगिलच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. २६ जुलैला शाळेत कार्यक्रम होता. गावातल्या एका काकूंना आम्ही बोलावलं. त्यांचे यजमान १९७१ ला पूर्वेकडच्या आघाडीवर गेले, ते परत आले नाहीत. काकूंना व्यासपीठावर खुर्ची दिली, शाल दिली. आठवीतल्या एका मुलीनं खणखणीत आवाजात भाषण केलं. भाषण मीच लिहून दिलेलं. ‘आपल्या गावच्या या सुपुत्रानं हसत हसत मृत्यूला कवटाळलं’ या वाक्याला टाळ्या पडल्या. नंतर काकूंना घरी सोडायला मीच गेले. ओसरीवर चपला काढता काढता त्या म्हणाल्या, “बाई, हसत न्हाई गेले ते. थोरल्याला ताप भरला हुता. तीनदा उंबऱ्यातनं माघारी आले. मग एष्टीचा टाइम झाला म्हणून गेले.” आत जाऊन त्यांनी फडताळातून अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी आणली. दाढीची. “ही ठिवून गेले. म्हणले, तिकडं सरकारी मिळती.” वाटी लख्ख घासलेली होती. २९ वर्षं त्या ती घासत होत्या.

त्या दिवसापासून मी मुलांना भाषण लिहून देणं बंद केलं. त्याऐवजी आम्ही प्रश्न लिहायला लागलो आणि चांगले प्रश्न लहान असतात, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. पेटीत काय काय नेलं होतं? पेटीवर नाव कुणी रंगवलं? पहिल्या थंडीत अंगावर काय होतं? पलटणीत गावाकडचं कोण होतं? पत्र कोण लिहून द्यायचं, घरी ते कोण वाचून दाखवायचं? सुट्टीवर आल्यावर पहिल्या दिवशी आईनं काय रांधलं? असं विचारलं की माणूस बोलतो. पेटीबद्दल विचारलं की पेटी उघडली जाते. आतून डिस्चार्ज बुक निघतं, बिल्ले निघतात, मित्रांबरोबरचा एक काळा-पांढरा फोटो निघतो. मग त्या फोटोतल्या एकावर बोट ठेवून आजोबा गप्प होतात. तिथं मुलांनीही गप्प बसायचं. एवढं मात्र आधी शिकवून न्या. पुढचा प्रश्न तयार असला तरी विचारायचा नाही. चहा आला तर प्यायचा, नाहीतर अंगणातल्या झाडाकडे बघत बसायचं. किती मारले, हे विचारायचं नाही. आजोबांना स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ते सांगतील आणि बहुधा मुलांना नाही, तुम्हाला सांगतील.

माझे वडील फौजेत ड्रायव्हर होते, रसदीच्या गाड्यांवर. १९६५ ला मी आठ वर्षांची होते. त्यांची निळी आंतर्देशीय पत्रं यायची आणि प्रत्येकावर एकच पत्ता : केअर ऑफ ५६ एपीओ. शाळेतला नकाशा काढून मी कितीतरी दिवस ‘५६ एपीओ’ नावाचं गाव शोधलं. काश्मीरमध्ये नाही, पंजाबात नाही, राजस्थानात नाही. शेवटी गुरुजींनी सांगितलं, हे गाव नसतंच, फौज कुठे आहे हे कुणाला कळू नये म्हणून असा पत्ता देतात. त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. माझे वडील नकाशावर नव्हते. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगायचे. आजच्या मुलांना घरच्या माणसाचं लोकेशन मिनिटामिनिटाला दिसतं, तरी हे ऐकताना वर्ग अगदी शांत व्हायचा.

तुमच्या आजोबांचं काम कदाचित बंदुकीचं नसेलही. स्वयंपाकी, न्हावी, ड्रायव्हर, खेचरं सांभाळणारे, तारा जोडणारे, जखमी उचलणारे यांच्यावाचून लढाई एक दिवस चालत नाही आणि आपल्या समारंभांत यांचं नावही निघत नाही. मुलांना मी रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगायचे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली, डोंगरावरून मारा चालू. राणे जखमी होते, तरी रणगाड्याखाली सरपटत पुढे सरकत राहिले. हाताशी दोर बांधलेला, तो ओढून वरच्या चालकाला थांब, चल असं सांगायचे. सुरुंग काढत, वाट मोकळी करत त्यांनी रणगाडे पुढे नेले. परमवीर चक्र मिळालं ते या वाट काढण्याबद्दल. वर्गातली मुलं हे ऐकून बाकाखाली शिरायची, दप्तराच्या पट्ट्याचा दोर करायची. शिरू द्या. ‘किती मारले’ विचारणारा तुमचा मुलगा या खेळात सगळ्यांत पुढे असेल.

आता पाटीकडे येते. तुमच्या गावासारख्या पाट्या सातारा आणि आसपासच्या भागात अजून आहेत. अपशिंगे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं, त्या एका गावच्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले. पाटीवर १९१९ का, असं मुलं विचारतील. तोफा नोव्हेंबर १९१८ ला थंडावल्या, तह १९१९ ला झाला, हे सांगा. आपल्याकडचे बरेच जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. माझी आजी त्याला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायची. तिथल्या कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. उपासमार एवढी, की घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली. कितीतरी हिंदी शिपायांनी ते मांस तोंडाला लावायचं नाकारलं. पुढे कैदेत चालवत नेताना माणसं वाटेत पडली.

त्या आघाडीवरच्या ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही, त्यांच्यासाठी इराकमध्ये बसरा स्मारक आहे. तिथं ४० हजारांहून अधिक जणांचं स्मरण केलेलं आहे. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला. तुमच्या चावडीवर ५ आहे, तिकडे हजारांत आहे, पण रीत तीच. हे मला आजही सलतं, आणि मुलांनाही सलावं असं मला वाटतं. म्हणून हे काम त्यांच्याच हाती द्या : या पाचांची नावं शोधायची.

वाट आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांच्या नोंदी कुणालाही मोफत पाहता येतात. नाव, पलटण, मृत्यूची तारीख असते. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव, तालुका, जिल्हाही असतो. अडचण स्पेलिंगची. साहेबाच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. तुमच्या गावाचं नाव इंग्रजीत पाच-सहा चुकीच्या पद्धतींनी लिहून बघा. हे मुलांना फार आवडतं, कारण त्यांच्या स्वतःच्या चुका इथं कामाला येतात. दुसरीकडून घराघरांत विचारा : तुमच्यापैकी कोणी बसऱ्याला गेलं होतं का? वहीत आडनावं लिहा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर एक जरी नाव जुळलं तरी त्या दिवशी बाकीचे तास घेऊ नका.

आणि गावाबाहेर, देवळामागे किंवा ओढ्याकाठी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत का बघा. आपल्या भागात नाहीत असं गाव विरळा. तो दगड मुलांना खालून वर वाचायला शिकवा. तळाच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गुरं सोडवताना झालेली. त्याच्या वर, पडलेल्या वीराला अप्सरा घेऊन निघाल्या आहेत. त्याच्या वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण. पण बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं. आमच्या एका मुलीनं वीरगळाला पाणी घालून, शेवाळ काढून, तो सबंध बघितला आणि म्हणाली, “बाई, याचं नाव तेव्हा सगळ्यांना माहीत असणार, म्हणून लिहिलं नसेल.” याहून शहाणं वाक्य माझ्या वर्गात कुणी बोललं नाही.

शेवटी एक करा. आजोबांनी जे सांगितलं ते मुलांनी लिहिलं की १६ डिसेंबरच्या आधी त्यांना घरी जाऊन वाचून दाखवा. ते म्हणाले, ‘हे काढा’, तर काढा, कारण विचारू नका. आणि कार्यक्रमात आजोबांना व्यासपीठावर न बसवता मुलांच्यात बसवा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी दहा वर्षांची आहे. नोव्हेंबरात शाळेत सगळी मुलं कागदाचं लाल पॉपीचं फूल लावतात, ११ तारखेला ११ वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभी राहतात. बाईंनी सांगितलं, घरातल्या कुणाची युद्धातली आठवण घेऊन या. ही म्हणाली, “आपलं कुणी नव्हतं, हे त्यांचं युद्ध.” काय सांगू?
— एक आई

उत्तर : तिला सांगा, आपली माणसं होती, आणि पुष्कळ होती. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसं गेली, सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. देश गुलाम होता, ते दुसऱ्याच्या हुकमानं लढले, कुणी पगारासाठी गेले, कुणी दुष्काळाला कंटाळून, कुणी घराण्याची रीत म्हणून. दहा वर्षांच्या मुलीला हे सगळं समजतं. तिच्यापासून यातलं काही लपवू नका.

सुट्टीत ब्रायटनला जा. तिथल्या राजवाड्यात, पॅव्हिलियनमध्ये, १९१४ पासून जखमी हिंदी शिपायांचं रुग्णालय होतं. जे दगावले त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली, तिचं नावही ‘छत्री’च आहे. तिच्यावर नावं नव्हती. शेजारी त्या सगळ्यांची नावं कोरलेला दगड बसला तो २०१० मध्ये. तुमच्या लेकीला त्यातलं एक एक नाव मोठ्यानं वाचू द्या. तिच्या शाळेत ती उच्चारता येणारी बहुधा ती एकटीच असेल.

तिला आपल्या भाषेतलाच कुणी हवा असेल तर नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. वय २२. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तरी एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ठाणं घेतलं, पण मागून गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर सापडलेली नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीतल्या माँटोने गावानं २०२३ मध्ये त्यांच्या आठवणीसाठी सूर्याच्या सावलीवर चालणारं घड्याळ उभारलं. लेकीला कागद, पेन्सिल आणि एक काडी द्या, ती तसलं घड्याळ करून शाळेत नेऊ शकेल.

आणि इकडे आजीला फोन लावून द्या. पण ‘आपल्यात कुणी युद्धात होतं का’ असं विचारायला सांगू नका, आजी ‘नाही गं’ म्हणून मोकळी होईल. ‘१९७१ ला रात्री दिवे बंद ठेवायचे तेव्हा तू काय करायचीस?’ असं विचारायला सांगा. मुंबईत राहिलेल्या माणसाला भोंगा, खिडकीच्या काचांवर चिकटवलेला कागद आणि अंधारातलं जेवण आठवतंच. तीही युद्धाचीच आठवण आहे आणि ती तुमच्या घरातली आहे.

प्रश्न : मुलगा पाचवीत. शाळेतून युद्धाचं प्रदर्शन बघून आला, तेव्हापासून रात्री दचकून उठतो. दिवसा मात्र ‘शत्रूला ठोकून काढू’ म्हणत घरभर काठी फिरवतो. त्याला या गोष्टींपासून लांब ठेवू का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : लांब ठेवू नका, पण घोट लहान द्या. शेकडो फोटो एका दुपारी बघण्यापेक्षा एका माणसाची गोष्ट, तीही उजेडी, जेवणाआधी. झोपताना नको. तो दचकून उठला की ‘शूर मुलगा घाबरत नाही’ असं म्हणू नका. माझे वडील पेन्शनवर आल्यानंतरही फटाक्याच्या आवाजाला ताटावरून उठायचे, आणि ते भित्रे नव्हते.

ठोकून काढण्याचं बोलणं वयानं जाईल, पण आपोआप नाही. थोडा मोठा झाला की त्याला अरुण खेतरपाल सांगा. जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत जळत्या रणगाड्यातून बाहेर यायला नकार देऊन ते लढत राहिले, २१ व्या वर्षी गेले, परमवीर चक्र मिळालं. मग गोष्टीचा दुसरा भाग सांगा. ३० वर्षांनी त्यांचे वडील, ब्रिगेडियर खेतरपाल, पाकिस्तानात आपलं जुनं घर बघायला गेले. तिथं ज्यांच्या घरी ते पाहुणे होते, त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरनं परतायच्या आदल्या रात्री सांगितलं, की तुमच्या मुलाच्या समोरच्या रणगाड्यात मीच होतो, तो माझ्या हातून गेला. आणि त्याच्या शौर्याला सलाम केला. दोघे म्हातारे एका छपराखाली ती रात्र राहिले. यावर मुलाला काही शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. तो काय विचारतो ते ऐका.

प्रश्न : बाई, ७ डिसेंबरला आम्ही ध्वजदिनाचे छोटे झेंडे देऊन पैसे गोळा करतो. ते पैसे कुठे जातात? झेंड्याला तीन रंग आहेत पण ते तिरंग्याचे नाहीत, असं का?
— इयत्ता सहावीतली एक मुलगी

उत्तर : छान विचारलंस. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो. जमलेले पैसे लढाईत गेलेल्या आणि जायबंदी झालेल्या सैनिकांच्या घरच्यांसाठी आणि माजी सैनिकांच्या मदतीसाठी वापरतात. तुझ्या जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथून हे काम चालतं. बाईंना सांगून एकदा सगळा वर्ग तिथं जा. बाहेरच्या बाकावर कागदपत्रांची पिशवी मांडीवर धरून आज्या बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या एखादीला अर्ज वाचून दाखवायला कुणी हवं असेल, तर वाचून दे.